शंभर ऑक्टेन, नाना आणि माझा कान

नाशिकच्या अंबडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली याच धंद्यात. मी शिकलो भद्रकालीत एका उस्तादांकडे, ते पद्मिनी गाडीचा डिस्ट्रिब्युटर सैल करून हाताने फिरवून नुसतं ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बसवायचे. त्यामुळे इंजिन नॉक करतंय, म्हणजे आतून ठोकल्यासारखं वाजतंय, की नाही हे मला कानाने कळतं अशी माझी पण एक ऐट होती. होती म्हणतोय.

नाना पिंपळगावचे, द्राक्ष बागायतदार, गाडी एक लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. जानेवारीत आले, म्हणाले चढाला खडखड वाजतंय आणि गाडी ओढत पण नाही. मी एक चक्कर मारली, उड्डाणपुलावर चढताना आवाज ऐकला आणि लगेच निकाल दिला, नाना नॉकिंग आहे, टर्बोला साधं पेट्रोल झेपत नाही, शंभर ऑक्टेन भरा. स्कॅनर लावला नाही. काय गरज, कान आहे ना.

शंभरवालं लिटरमागे पन्नासेक रुपये महाग आणि प्रत्येक पंपावर मिळत पण नाही, नाना त्यासाठी मुद्दाम शहरात यायचे. एप्रिलमध्ये परत दारात. सहा टाक्या झाल्या रे, बाराएक हजार वर गेले माझे, आवाज आहे तस्साच!

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली, शंभरवर पण वाजतंय म्हणजे पेट्रोलचा संबंध असेलच कशाला. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो, पंपावरची पोरं काहीही सांगतात. ठिणगीने सुरू झालेली आग पोचायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं की नॉकिंग होतं, आणि ऑक्टेन जेवढा जास्त तेवढं ते पेट्रोल हा दाब जास्त सहन करतं, बास. टर्बोत हवा आधीच दाबून येते म्हणून तिथे याला किंमत.

म्हटलं नाना, चला सप्तशृंगी गडावर. चैत्रोत्सव संपून गर्दी ओसरली होती, दिंडोरी-वणीवरून नांदुरी गाठलं, दुपारचे दोन, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावता येईना. मागे काकू आणि त्यांची बहीण, डिकीत बागेचं सामान, म्हणजे लोड पण खरा. नाना चालवतायत, मी शेजारी लॅपटॉपवर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवतो तो) लावून टायमिंग बघतोय. इंजिनच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, कंपन ओळखतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरची ठिणगी दोन-चार अंश उशिरा पाडतो.

पहिल्याच मोठ्या वळणाला खडखड सुरू. जानेवारीतलीच, सेम टू सेम. आणि स्क्रीनवर? चारही खिडक्या खाली, आवाज घाटभर, आणि नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकिंगमुळे ठिणगी किती अंश उशिरा पडतेय तो आकडा, शून्य. मधेच एकदा एक अंश, परत शून्य. (सिलिंडर तीनच आहेत, तिन्हीचे आकडे तेच.)

वर पार्किंगला बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हरने एकेक पत्रा दाबत गेलो तर एक्झॉस्टची हीट शिल्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, हलत होती. बोल्टचं भोक गंजून मोठं झालेलं, लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं आणि पत्रा पाइपला टेकून वाजतो. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपची क्लिप पण सैल होती, हवा तिथून निसटत होती, म्हणून गाडी ओढत नव्हती. क्लिप आवळली आणि शिल्ड नानांच्या डिकीत पडलेल्या बागेच्या तारेने बांधली. नाना काही बोलले नाहीत, नुसते तारेकडे बघत होते.

पण आता मलाच राहवेना. टाकी रिझर्व्हला आली होती, खाली उतरून वणीकडे जाऊन वीस लिटर साधं भरलं आणि परत चढलो. आता साध्या पेट्रोलमध्ये पण वीस टक्के इथेनॉल असतं, आणि या ई-20 चं मानकच किमान 95 ऑक्टेनचं आहे, पूर्वी साधं 91 होतं. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान 91, शिफारस 95. म्हणजे कागदावर साधंच पुरेसं. (ऍव्हरेज थोडं पडतं ते वेगळ्या कारणाने, इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्याला ऑक्टेन काय करणार.)

दुसऱ्या चढाला गाडी एकदम शांत, काकू म्हणाल्या बरं झालं बाई आवाज गेला. आणि माझ्या स्क्रीनवर तीन अंश, चार अंश, परत तीन. खरं नॉकिंग आत्ता होत होतं! मी खिडकीतून कान बाहेर काढला, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, ऐकू येण्याइतकं वाढायच्या आधीच ईसीयू ते दाबून टाकत होता.

मग बघितलं तर नाना चौथ्या गिअरवर, आरपीएम पंधराशे, पाय पूर्ण दाबलेला. ट्रॅक्टरची सवय. म्हटलं नाना तिसरा टाका, नाही दुसराच टाका. आरपीएम अडीच हजारावर गेला आणि आकडा शून्यावर आला, त्याच पेट्रोलवर, त्याच उन्हात. कमी आरपीएमला टर्बोवर असा जोर टाकला की कधी कधी ठिणगीच्या आधीच स्फोट होतो, तो प्रकार पिस्टन फोडू शकतो आणि त्यावर महाग पेट्रोल हा भरवशाचा उपाय नाही, त्याला गिअर आणि नीट ऑइल लागतं, एपीआय एसपी ग्रेडचं, 2020 पासून मिळतं.

मग शंभरचा काहीच फायदा नाही का? आहे, भर उन्हात फुल लोडवर ते तीन-चार अंश वाचतात, चढाला जरा बरी ओढते. पण नानांची गाडी वर्षातून किती वेळा गडावर जाते, बाकी पिंपळगाव ते मार्केट यार्ड.

उतरून नांदुरीला चहा घेतला. नाना बशीत चहा ओतत म्हणाले, तुझ्याकडे पण टर्बोच आहे ना रे, तू काय भरतो?

साधंच, म्हटलं.

नानांनी बशी खाली ठेवली. चहाचे पैसे मी दिले, आणि त्या दिवसाचं बिल काही मी अजून केलेलं नाही.