दोन तृतीयांश

रविवार, ५ मे २०२४

आज पास्टरबाईंनी शार्लट शहरात भरलेल्या आमच्या मेथडिस्ट चर्चच्या परिषदेचा विषय दीड मिनिटात उरकला. आधी शनिवारच्या साफसफाईची सूचना, मग शार्लट, मग हायस्कूल संपवणाऱ्या मुलांचा सत्कार. ज्या एका वाक्यावरून बावन्न वर्षं भांडण चाललं ते वाक्य गेल्या आठवड्यात पुसलं गेलं, आणि आमच्याकडे ती बातमी झाडू आणि केक यांच्यामध्ये बसली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठून गेलं नाही. उठून जाणारे आधीच गेलेत.

वाक्य १९७२ सालचं. युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमांच्या पुस्तकात, ज्याला इथे सगळे नुसतं 'डिसिप्लिन' म्हणतात, ते घातलं गेलं: समलैंगिक आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे. गंमत म्हणजे अशी माणसंही देवाच्या लेखी मोलाची आहेत, हे त्याच्याच शेजारी लिहिलेलं होतं. मोलाची, पण विसंगत. गेल्या बुधवारी शार्लटच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, समलैंगिक व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा न देण्याचा नियम ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठला, तोही चर्चेविना. गुरुवारी ५२३ विरुद्ध १६१ मतांनी ते जुनं वाक्यही गेलं. बुधवार म्हणजे १ मे. बदल नको म्हणणाऱ्यांनी आपलं वेगळं ग्लोबल मेथडिस्ट चर्च सुरू केलं तेही १ मेलाच, २०२२ साली. आम्हा मेथडिस्टांना महाराष्ट्र दिनाचं काय वेड आहे कोण जाणे.

६९२ आणि ५१ हे आकडे वाचून वाटतं, लोकांची मनं पालटली. थोडी पालटली असतीलही. पण २०१९ साली सेंट लुइसला ह्याच चर्चनं ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी बंदी आणखी कडक केली होती. त्याच वेळी नियमांत एक परिच्छेद घातला गेला: ज्या मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चला, सदसद्विवेकामुळे राहणं जमत नाही, तिनं २०२३ संपायच्या आत इमारत, जमीन घेऊन बाहेर पडावं. अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या, म्हणजे साधारण चारातली एक. विरोधी मत हरलं त्यापेक्षा ते सामान बांधून निघून गेलं, असंच म्हणायला हवं.

आमच्याकडे मतदान झालं ते २०२२ च्या हिवाळ्यात, चर्चमागच्या हॉलमध्ये. हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं पडली तर बाहेर. शिवाय दोन वर्षांची वर्गणी आणि पाळकांच्या पेन्शनचा वाटा भरायचा, म्हणजे एका बाजूला पवित्र शास्त्राचा अधिकार आणि दुसऱ्या बाजूला खजिनदाराचं कॅल्क्युलेटर. एक तास एका ग्रीक शब्दावर गेला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल जो 'आर्सेनोकोइताइ' शब्द वापरतो, त्याचा नेमका अर्थ काय? एक जण म्हणाला, तो मुलांच्या शोषणाबद्दल आहे. दुसरा म्हणाला, तो सरळ जुन्या करारातल्या लेवीय ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरातून उचललाय, त्यात शंकेला जागाच नाही. 'शास्त्र स्पष्ट आहे' असं सगळ्यात मोठ्यानं सांगणाऱ्या गृहस्थांचं हे दुसरं लग्न, पहिली बायको डॅलसमध्येच हयात. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू अशा दुसऱ्या लग्नाबद्दल काय म्हणतो तेही स्पष्टच आहे. पण त्या दिवशी दहावा अध्याय कुणी उघडला नाही. मीसुद्धा नाही.

पियानोवाला पहिल्या रांगेच्या कडेला बसला होता. सभेच्या सुरुवातीचं गीत त्यानंच वाजवलं, कारण दुसरं कुणाला येत नाही. शेवटचं कडवं तो नेहमी इतकं ओढतो की वरच्या पट्टीत गाणाऱ्या सोप्रानो बायकांचा श्वास संपतो. तो आणि त्याचा जोडीदार तेवीस वर्षं एका घरात राहतात. दोन तासांत त्याच्याबद्दल एकही शब्द निघाला नाही. सगळं 'हा प्रश्न', 'ती जीवनशैली', 'तो समाज'. तो सभासद असल्यानं त्यालाही चिठ्ठी मिळाली. आपण इथे असावं की नाही यावर माणसानं घडी घालून मत टाकायचं, हे माझ्या पोटात अजून कुठंतरी टोचतं.

बाहेर पडण्याच्या बाजूला सात मतं कमी पडली. मी राहण्याच्या बाजूनं होते. तिसऱ्या आठवड्यापासून बाकं रिकामी दिसायला लागली.

गेलेल्यांत माझी ड्रायव्हिंगवाली आजी होती. आम्ही टेक्सासला आलो तेव्हा नवरा दिवसभर ऑफिसात, मी घरात कोंडलेली. नवऱ्यामागे एकटी राहणारी ही बाई दर मंगळवारी यायची आणि तिच्या जुन्या ब्यूकमध्ये मला सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवायची. तिच्या मनात द्वेष असता तर मला मत देणं सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "जग म्हणतं म्हणून मी वचन वाकवणार नाही." बस्स. आवाज चढवला नाही.

नेमकं हेच वाक्य गुरुवारी पप्पांच्या तोंडी आलं, मराठीत.

पप्पा पुण्याला असतात, निवृत्त पाळक. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वतंत्र आहे, त्यामुळे शार्लटच्या मतदानाशी त्यांचा कागदोपत्री काही संबंध नाही. तरी त्यांना बातमी माझ्या आधी कळली होती, व्हॉट्सॅपवर. "काय ग, तुमच्या चर्चनं बायबल बदललं म्हणे?" मी म्हटलं, बायबल नाही पप्पा, डिसिप्लिन. "तेच ते."

मग म्हणाले, "समाज काय म्हणेल बघून चाललो असतो तर आपण ख्रिस्ती झालो असतो का?"

यावर माझं तोंड बंद होतं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आम्ही गावकुसाबाहेर होतोच, त्यात भावकीनंही वाळीत टाकलं. सोयरिकी तुटल्या. सुतकाला कुणी आलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट नाताळच्या करंजीइतकी नेमानं दर वर्षी निघते. 'जगाचा दाब' हा शब्द पप्पा अमेरिकन उपदेशकांकडून शिकलेले नाहीत, तो त्यांनी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलाय. त्यामुळे कुणी त्यांना मागासलेले म्हटलं की मला राग येतो. घटस्फोटितांची लग्नं लावायलाही त्यांनी सगळ्यांना सारखाच नकार दिला, त्यात मंडळीच्या खजिनदाराची मुलगीही होती. त्यांचं शास्त्र निदान सगळ्यांना एकाच काठीनं हाकतं.

मी बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढलं. इथे बदल हवा म्हणणारे सगळे तिथेच जातात. यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनी परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, सुंतेचं ओझं टाकलं नाही, इतकी जुनी आज्ञा असून. पप्पा हसले. "पंधरावा अध्याय ना? पुढे वाच. चार गोष्टी त्यांनी ठेवल्या. त्यात जारकर्म आहे."

आहे खरं. पाळकाच्या पोरीनं अर्धाच अध्याय वाचावा याची मला लाज वाटली.

मग मी विचारलं, तेवीस वर्षं एकमेकांची औषधं आणणं, एकाच्या आईला शेवटी घरी आणून सांभाळणं, हे जारकर्म कसं? पप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी एकदम वेगळंच काढलं. आमच्या तिथल्या मंडळीत एक मुलगा होता, तरुण संघात ढोलकी वाजवायचा. २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल दिला, त्यानंतर महिनाभरानं तो पप्पांकडे आला आणि स्वतःबद्दल सांगितलं. "मी त्याला रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचून दाखवला. तो ऐकून घेऊन गेला. परत आला नाही."

"मग?"

"मग काय? वचन चुकीचं वाचलं नव्हतं मी." थोड्या वेळानं म्हणाले, "घरच्यांनीही हाकललं त्याला. भावकीनं टाकलं म्हणे."

'टाकलं' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि स्वतःच थबकले, असं मला वाटलं. कदाचित मलाच तसं ऐकायचं होतं. त्यांनी मत बदललेलं नाही आणि बदलतील असंही वाटत नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच फिरतंय. चर्चवर समाजाचा दाब येतोय म्हणतात. येतोय, नाही कसं? टीव्हीवरून, ऑफिसातून, स्वतःच्या लेकरांकडून येतोय. पण त्या ढोलकीवाल्यावर दाब कुणाचा होता? घर, भावकी, चर्च, १८६० पासूनचा इंग्रजी कायदा, सगळे एका बाजूला. पणजोबांवर होता तसाच. पप्पा स्वतःला पणजोबांच्या जागी बघतात, आजीही बघते. पियानोवाला कुणाच्या जागी आहे, हे त्या हॉलमध्ये कुणी विचारलं नाही.

यानं रोमकरांस पत्रातला निषेध मिटत नाही, हे मला कळतं. मी राहायला मत दिलं ते सगळी उत्तरं सापडली म्हणून नाही. दोन तृतीयांश मतांनी कुणाला बाहेर काढायची ताकद माझ्या हातात नव्हती, एवढंच. शिवाय आज उपासनेत मला आनंदही झाला नाही. आजीची जागा डावीकडून तिसरी, तिथे आता कोट ठेवतात.

संध्याकाळी तिला फोन केला, टोमॅटोची रोपं हवीत का विचारायला. तिचं नवं चर्च एका शाळेच्या जिममध्ये भरतं, पियानो नाही, रेकॉर्ड लावतात म्हणाली. शार्लटचं नाव दोघींनीही काढलं नाही. ठेवता ठेवता विचारलंन, "आज वाजवायला तोच होता?"

"हो."

"शेवटचं कडवं ओढलं?"

ओढलं, म्हटलं.