वाड्यावरची घरं नकाशावर आणताना: अंगणातला बिंदू आणि गाडी थांबते ती जागा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एखाद्या वाड्यावरून (वाडा म्हणजे गावातली एक वस्ती) रात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावला, की पलीकडून पहिला प्रश्न येतो तो पत्त्याचा. घरक्रमांक पंचायतीच्या दप्तरात असतो, पण क्रमांक वाटेच्या क्रमाने लागलेले असतीलच असं नाही. जुन्या घराशेजारी नवं उभं राहिलं, की जुन्याच आकड्यापुढे तिरपी रेघ येते आणि एखादा आकडा किंवा अक्षर चिकटतं. बाहेरून आलेल्या चालकाला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून गावकऱ्यांनीच गावातलं प्रत्येक घर नकाशावर आणायचं. हे काम वीस-पंचवीस स्वयंसेवकांत होण्याजोगं आहे, फक्त एक गोष्ट आधी पक्की करायला हवी: प्रत्येक घराचे दोन बिंदू घ्यायचे. एक घराच्या अंगणात आणि दुसरा जिथे गाडी थांबते तिथे.

दुसरा बिंदू का, ते कुळागरातल्या (माडा-पोफळींच्या बागेतल्या) घरांवरून समजतं. घराला सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर साठ मीटरवर दिसतो, पण मधून ओहळ वाहतो आणि साकव (छोटा पूल) असतो खाली चारशे मीटरवर. मोबाईल जवळचाच रस्ता दाखवणार आणि रुग्णवाहिका चुकीच्या काठावर जाऊन थांबणार. गाडी थांबते तिथून घरापर्यंतची पायवाट चालत नोंदवली (कुठलंही ट्रॅक नोंदवणारं अ‍ॅप चालतं), तर स्ट्रेचर किती अंतर उचलून न्यावं लागेल हेही कळतं. पावसात बंद होणाऱ्या वाटेवर तशी वेगळी खूण हवीच.

कामाला नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने बरे. पावसात पायवाटा झाडोऱ्याखाली जातात. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे महिन्यापर्यंत अर्धा गाव काजूच्या बागायतीत असतो, घरी विचारायला माणूस भेटत नाही. बंद घरांचं काम मात्र चवथीसाठी राखून ठेवा. एरवी कुलूप असलेलं घर गणपतीत उघडलं, तर ते राहतं घर. मुंबईला किंवा परदेशात गेलेलं कुटुंब त्या दिवसांत भेटतं आणि नोंद पुरी होते. चवथीलाही दार उघडलं नाही, तरच ‘बंद’ लिहा.

घर म्हणजे काय, हे स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत सांगा. एका मोठ्या घरात तीन भावांच्या तीन चुली असतील, तर इमारत एक आणि कुटुंबं तीन. अंगणातला बिंदू एकच, नोंदी तीन. मांगर (बागायतीतली खोप), गोठा, काजूची भट्टी ही उपग्रहचित्रात घरासारखीच दिसतात, पण तिथे कुणी राहत नाही. उलट कुळागरातलं खरं घर माडा-पोफळींच्या सावलीत पूर्ण झाकलेलं असतं. त्यामुळे नुसती छपरं मोजून निघालेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, चूक दोन्ही बाजूंनी होते.

तरीही छपरं आधी आखून घ्यावीत. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) जी उपग्रहचित्रं आखणीसाठी खुली आहेत, त्यांवरून घरांच्या कडा काढा. गूगलच्या नकाशावरून उतरवायला परवानगी नाही, तो मोह टाळा. चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं, म्हणून रस्त्यावरून नोंदवलेला ट्रॅक त्यावर ठेवून चित्र जुळवून घ्या. मग १:२००० प्रमाणात ए-३ कागदावर छापा. एका कागदात साधारण ८४० मीटर बाय ५९० मीटरचा भाग मावतो, म्हणजे बहुतेक वाडे एका-दोन कागदांत येतात. मोबाईल बंद पडला, तर हाच कागद आणि पेन्सिल कामाला येतात.

स्वयंसेवक जोडीने पाठवा. एकजण त्याच वाड्यावरचा आणि दुसरा नोंद घेणारा. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं नोंदी चांगल्या घेतात, पण अनोळखी अंगणात त्यांना एकटं पाठवू नये. अंगणवाडी सेविका, पोस्टमन आणि विजेचा लाइनमन यांच्यापैकी एकाला आदल्या दिवशी कागद दाखवला, तर सुटलेली घरं तिथल्या तिथे कळतात. विखुरलेल्या वाड्यावर एका जोडीने सकाळी पंचवीस घरं धरून चालावं. चाळीस घरं द्यायला गेलात, तर शेवटची पंधरा घाईत होतात.

निघण्याआधी फोनमध्ये फॉर्म आणि नकाशे उतरवून घ्या, डोंगराआड नेटवर्क जातं. नेटवर्क नसताना जीपीएस चालतं, पण पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती थेट आकाशातून गोळा करावी लागते. म्हणून देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पाच मिनिटं थांबा आणि मगच चालायला लागा.

अंगणातला बिंदू तुळशी वृंदावनापाशी घ्यायचा, तुळस नसेल तिथे बाल्कांवच्या (घरापुढच्या ओट्याच्या) पायऱ्यांसमोर. वळचणीखाली उभं राहायचं नाही. पत्र्यावरून आणि भिंतीवरून लहरी परतून येतात आणि बिंदू सरकतो. ओडीके किंवा कोबो या मोबाईलवर माहिती भरायच्या अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये अचूकतेचा आकडा दिसतो, तो ५ मीटरच्या खाली येईपर्यंत थांबा. हा आकडा हमी नव्हे. अँड्रॉइडवर त्याचा अर्थ इतकाच, की खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के आहे. पोफळींखाली तीन मिनिटं थांबूनही आकडा १०च्या वरच राहिला, तर बिंदू छपराच्या चित्रावर हाताने टेकवा आणि तसं नोंदवा. ती सोय फॉर्म तयार करतानाच चालू करावी लागते.

फॉर्म छोटा ठेवा: वाड्याचा संकेत (कोड) आणि तीन आकडी क्रमांक, पंचायतीचा घरक्रमांक, चुली किती, राहतं की बंद, गाडी कुठपर्यंत येते, पायवाट पावसात चालू असते का. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि फोन संमती मिळाली तरच. एवढ्याने एका घराला सात-आठ मिनिटं लागतात. यात आणखी वीस प्रश्न घालावेत असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी सुचवतं, ते ऐकू नका.

खरं काम संध्याकाळी असतं, आणि बहुतेक गावांत नेमकं तेच राहून जातं. त्या दिवसाचे सगळे बिंदू त्याच रात्री क्यूजीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. दहा घरांचे बिंदू एकाच झाडाखाली दाटलेले दिसले, तर नोंदी अंगणात न भरता शेवटी एकत्र बसून भरल्या आहेत. दोन वेगळी घरं हुबेहूब एकाच बिंदूवर असतील, तर फोनने आधीच्या घराची जुनी जागाच पुन्हा दिली आहे. बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडला, तर अक्षांश आणि रेखांश उलटे लिहिलेत. गोव्यात अक्षांश सुमारे १५, रेखांश सुमारे ७४. घर वीस-पंचवीस किलोमीटर बाजूला गेलं असेल, तर बहुधा अंश-मिनिटांचा आकडा दशांश म्हणून टाइप झाला. १५ अंश ३१ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १५.५२५, पण हाताने लिहिताना ते १५.३१३० होतं. या चुका दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारता येतात, महिन्याने कुणालाच काही आठवत नाही.

एक्सेलबद्दल वेगळं सांगायला हवं. ५/३ हा घरक्रमांक एक्सेल तारीख समजून बदलतं, आणि एकदा जतन केलं की मूळ आकडा परत मिळत नाही. फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नका. ‘डेटा’ मेनूतून आयात करा, घरक्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा आणि लिपीसाठी यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतात.

नावं देवनागरीत, वाड्यावरची माणसं उच्चारतात तशीच लिहा. पर्ये, मोर्ले, पिसुर्ले यांच्या रोमन रूपांना पोर्तुगीज वळणाचा ‘एम’ लागतो. त्यामुळे तीही रूपं वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर शोधताना गाव सापडत नाही. केरी सत्तरीत आहे, फोंड्यात आहे आणि पेडण्यातही आहे. धनगरवाडा आणि देऊळवाडा तर कितीतरी गावांत. म्हणून संकेतात तालुका, गाव आणि वाडा तिन्ही हवेत.

सार्वजनिक नकाशावर काय टाकायचं, याबाबत कडक राहा. घराची कड, पायवाट, साकव, वाड्याचं नाव आणि घरक्रमांक एवढंच ओपनस्ट्रीटमॅपवर जावं. नावं, फोन, कोण आजारी, कोण गरोदर, कोणत्या घरी म्हातारं माणूस एकटं राहतं, हे तिथे कधीच नको आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातही नको. एकट्या माणसाची घरं दाखवणारा नकाशा चोराच्याही कामाचा असतो. ती यादी गावाने ठरवलेल्या एक-दोन माणसांकडे, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये असावी.

सगळं झालं की मोठी छापील प्रत ग्रामसभेत भिंतीवर लावा आणि बाजूला लाल पेन बांधून ठेवा. माणसं आपलं घर शोधतात, न सापडल्यास लगेच सांगतात.

मग दुसऱ्या वाड्यावरच्या एखाद्याला पाच घरांचे संकेत द्या, काळोख पडल्यावर, हातात फक्त मोबाईल. सोबत वाड्यावरचा एक माणूस बॅटरी घेऊन असू दे, पण त्याने वाट सांगायची नाही. पाचही अंगणं सापडली, तर तो वाडा झाला. एक जरी चुकलं, तर त्या घरचा गाडी थांबण्याचा बिंदू आणि पायवाट पुन्हा चालून नोंदवा. चूक बहुतेक वेळा तिथेच निघते.