मस्टरवरची हजेरी आणि अंगातला ताप

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी छापण्याचा माझा लहानसा कारखाना आहे आणि तिथे 22 माणसे कामाला आहेत. आजारपणाच्या रजांमुळे होणारे नुकसान मी अनेक वर्षे केवळ मस्टर पाहून मोजत आलो. माणूस किती दिवस आला नाही आणि त्याच्या जागी दुसऱ्याला किती ओव्हरटाइम द्यावा लागला, एवढाच तो हिशोब होता.

तो अपुरा आहे, हे प्रथम पंचिंग मशीनवर, म्हणजे छापलेल्या कागदातून खोक्याचा आकार कापणाऱ्या यंत्रावर, लक्षात आले. हे मशीन चालवणारा माझ्याकडे एकच ऑपरेटर होता. तो डेंग्यूने आठ दिवस झोपला, तेव्हा छापलेल्या कागदांच्या थप्प्या छतापर्यंत चढल्या, पुढच्या टेबलावर खोकी चिकटवणाऱ्या पाच बाया रिकाम्या बसल्या आणि वेर्ण्याला माल घेऊन जाणारी गाडी दोनदा रद्द करावी लागली. मस्टरवर रजा एकाची होती, थांबले मात्र सहा जणांचे काम. मोठ्या कारखान्यात अशा वेळी दुसऱ्या पाळीचा माणूस ओढता येतो. आमच्याकडे दुसरी पाळीच नाही.

तरीही खरा फटका बसला तो रजा न घेतलेल्या माणसामुळे, आणि त्याला जबाबदार मीच होतो. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला मी 800 रुपये हजेरी बक्षीस देत असे. एका जुलैत आमचा एक कामगार अंगात ताप असताना तीन दिवस येत राहिला. त्याच्या हातून एकाच औषधाच्या 250 आणि 500 मिलिग्रॅमच्या खोक्यांचे गठ्ठे एकमेकांत मिसळले. औषधांच्या व्यवसायात या चुकीला क्षमा नाही, आणि असूही नये. सगळा लॉट परत आला. त्याच आठवड्यात त्याच्या शेजारी काम करणारे चौघे ताप-खोकल्याने घरी बसले, ते वेगळेच. मी त्याला रागाने विचारले, तेव्हा तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "पात्रांव, चवथीक रजा उरची न्हय?" म्हणजे, मालक, गणेश चतुर्थीला रजा उरायला नको का?

या एका वाक्यात आमच्या पावसाळ्याचे सगळे गणित आहे. कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. गोव्यात ही रजा जो तो चवथीसाठी राखून ठेवतो, आणि तापाची साथ येते ती नेमकी चवथीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कामगार विमा योजना आजारपणात वेतनाच्या 70 टक्के भत्ता वर्षातून 91 दिवसांपर्यंत देते, आणि त्यासाठी मालक वेतनाच्या 3.25 टक्के व कामगार 0.75 टक्का भरतो. मात्र नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस त्या भत्त्यात धरले जात नाहीत. दीर्घ आजारात ही योजना मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण साध्या दोन दिवसांच्या तापात माणसापुढे पगार सोडणे, चवथीची रजा मोडणे किंवा क्रोसिन घेऊन कामावर येणे, एवढेच मार्ग उरतात. त्यातला तिसरा मार्ग धरणाऱ्याला वर 800 रुपये देणारा मी शहाणा!

हजेरी बक्षीस मी बंद केले आणि तेवढ्याच पैशांत प्रत्येकाला वर्षाला पाच दिवसांची वेगळी, भरपगारी आजारपणाची रजा दिली. पहिल्या दोन दिवसांसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. शेजारच्या कारखानदाराने मला वेड्यात काढले, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे ठरले असेही नाही, कारण चवथीच्या आदल्या दिवशी दोघांचे पोट हटकून बिघडते. त्या दोन पोटदुखींचा खर्च मी परत आलेल्या त्या लॉटच्या बिलाशेजारी मांडून पाहिला आणि गप्प बसलो. पंचिंग मशीनवर आता दर शनिवारी एक हेल्पर डाय, म्हणजे कापण्याचा साचा, बसवायला शिकतो आहे; अजून त्याला दाब नीट जमत नाही, म्हणून या पावसाळ्यात ऑपरेटर शिंकला तरी माझे लक्ष तिकडे जाते.