"प्रयोग नको, साधी ट्रीटमेंट द्या"

एप्रिल २०२१ मधले, कोविडच्या दुसऱ्या लाटेतले व्हॉट्सॅपचे मेसेज आठवतात ना, 'अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, पेशंट सिरियस आहे' आणि खाली कुणाच्या तरी भावाचा नंबर. सगळ्यांच्या ग्रुपवर तेच. घरचं माणूस आत असताना डॉक्टर जे सांगतील ते आणायला माणूस धावणारच, त्यात त्या घरच्यांचं काहीच चुकलं नाही. पण प्लाझ्माचा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या पातळ भागाचा, उपयोग होतो का हे तोपर्यंत आपल्याच देशात तपासून झालं होतं. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंट घेऊन प्लॅसिड नावाची ट्रायल, म्हणजे उपचाराची मोजूनमापून चाचणी, केली, साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा आणि बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. आजार गंभीर झाला किंवा पेशंट गेला असं प्लाझ्मावाल्यांत १९ टक्के, बाकीच्यांत १८ टक्के. म्हणजे काही फरकच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापून आलं, नंतर ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने साडेअकरा हजार पेशंटवर तेच बघितलं, प्लाझ्मावाले आणि बाकीचे, दोन्ही गटांत २४ टक्के मृत्यू. आपल्या सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या महिन्यांत लोकांनी किती वणवण केली, किती पैसे घातले, ते आठवलं की अजून त्रास होतो.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाईकांना ट्रायलचं माहितीपत्रक मराठीतून समजावून सांगायचं, त्यांना वेळ द्यायचा, सही झाली तर पुढची सगळी नोंद ठेवायची. पेशंट बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवर असला की निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, आमच्या पप्पांवर प्रयोग नको, तुम्ही साधी ट्रीटमेंट द्या."

ही भीती खोटी नाहीये, हे आधी सांगते. आपल्याकडे गरीब पेशंटना धड न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्यात, २०१३ मध्ये नियम कडक झाले, काही ट्रायलमध्ये संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागायला लागलं ते त्यातूनच. तेव्हा कुणी नाही म्हणालं तर मी एका शब्दानेही आग्रह करत नाही, करूच नये.

पण ती जी 'साधी ट्रीटमेंट' म्हणतात ना, तिच्यातलं बरंच काही कुणी कधी नीट तपासलेलंच नसतं. वर्षानुवर्षं सगळे देतात म्हणून दिलं जातं. त्या प्लाझ्माचंच बघा, ट्रायलच्या बाहेर हजारो लोकांना तो दिला गेला, तोही प्रयोगच होता की, फक्त त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. आणि ज्यांना मिळाला ते बरे झाले असं दिसलं तरी त्यातून काय कळणार, प्लाझ्मा मिळवणारं घर म्हणजे ओळखी असलेलं, पैसे असलेलं, मोठ्या हॉस्पिटलात बेड मिळालेलं घर, ते पेशंट कशामुळे वाचले हे सांगणार कसं? म्हणून ट्रायलमध्ये कुणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. नातेवाईकांना सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, "जिवाचा निर्णय चिठ्ठीवर?" मी त्यांना सांगते की कुठलं चांगलं हे आम्हाला खरंच माहीत नाही म्हणूनच चिठ्ठी आहे, माहीत असतं तर सगळ्यांना तेच दिलं असतं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते फीस्ट नावाच्या ट्रायलने. युगांडा, केनिया आणि टांझानियामधली हॉस्पिटलं, बहुतेक ठिकाणी व्हेंटिलेटर वगैरे काही नाही, आणि तापाने फणफणलेली, शॉकमध्ये गेलेली (म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडू लागलेली) लहान मुलं, हातपाय गार पडलेले, कित्येकांना मलेरिया. अशा मुलाला तासाभरात भरभर सलाइन द्यायचं, त्याला बोलस म्हणतात, हे जगात बऱ्याच ठिकाणी शिकवलं जायचं, फारशी शंका कुणी घेत नव्हतं. ३,१४१ मुलांवर हे तपासलं. काहींना सलाइनचा बोलस, काहींना अल्ब्युमिनचा (रक्तातल्या एका प्रथिनाच्या द्रावणाचा), काहींना बोलस नाहीच, बाकी अँटिबायोटिक, मलेरियाची औषधं, लागलं तर रक्त, ऑक्सिजन सगळ्यांना सारखं. आईबापांना पानं वाचायला वेळ कुठला, म्हणून आधी तोंडी होकार घेऊन लेखी संमती नंतर घ्यायची सोय होती. जानेवारी २०११ मध्ये ट्रायल मध्येच थांबवली कारण बोलस दिलेली मुलं जास्त दगावत होती, ४८ तासांत साधारण साडेदहा टक्के, आणि न दिलेल्यांत ७.३ टक्के. शंभरामागे तीन मुलं जास्त. (जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेली आणि कुपोषित मुलं यात नव्हती, त्यामुळे हे वाचून कुणी जुलाब झालेल्या मुलाचं सलाइन नाकारू नका, प्लीज.)

आणि यातली खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढेच आहे. नंतर आकडे तपासले तेव्हा दिसलं की पहिल्या तासात बोलस मिळालेली मुलंच जास्त सुधारलेली दिसत होती! शॉक त्यांचाच आधी कमी झाला होता. म्हणजे बेडशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला, सिस्टरला, आईला डोळ्यांनी दिसत होतं की गुण येतोय, आणि एकूण मृत्यू मात्र त्याच बाजूला जास्त. कितीही अनुभवी, कितीही प्रेमाने काम करणारा डॉक्टर असू दे, एका वॉर्डात बसून त्याला शंभरात तीनचा फरक कसा दिसणार? तो मोजल्याशिवाय दिसतच नाही.

उलटी बाजूही आहे. रिकव्हरीमध्येच डेक्सामेथासोन तपासलं, जुनं, अगदी स्वस्त स्टिरॉइड, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. ट्रायलच्या आराखड्याचा पहिला मसुदा ते पहिला पेशंट यात फक्त नऊ दिवस, साधा फॉर्म, बिझी वॉर्डातल्या लोकांना झेपेल असा. जून २०२० मध्ये कळलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमध्येही थोडे कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा नाही, उलट आकडे जरा वाईटच. हा शेवटचा भाग आपल्याकडे कितीजणांनी वाचला? घरच्या घरी, ऑक्सिजन ९७ असताना स्टिरॉइड सुरू केलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली, डायबेटिसवाल्यांच्या शुगर कुठच्या कुठे गेल्या आणि नंतर म्युकर (काळी बुरशी) आला तेव्हा त्यात या वापराचाही हात होता.

तेव्हा कधी आयसीयूबाहेर कुणी तुमच्यापुढे फॉर्म धरलाच तर घाबरू नका आणि लगेच सहीपण करू नका. एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी आहे का, नंबर काय (तो मोबाइलवर कुणालाही शोधता येतो), इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच बाहेर पडता येईल का, आणि नाही म्हटलं तर उपचारात काही फरक पडेल का, हे सगळं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'अजिबात नाही' असंच यायला हवं. विचारलेलं कुणाला आवडलं नाही तर तोच पुरेसा इशारा समजा.

माझी आमच्या क्षेत्राकडे मात्र एक मागणी आहे. ज्या घरांनी इतक्या वाईट वेळी होकार दिला, त्यातल्या कित्येकांचं माणूस गेलं, त्यांना ट्रायलचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. निकाल इंग्रजी जर्नलमध्ये छापला जातो आणि विषय संपतो. खरं तर फोन नंबर, पत्ता सगळं फाइलमध्ये असतं. निकाल आला की मराठीत एका पानाचं पत्र पाठवायचं, ज्या औषधासाठी तुम्ही सही केली होतीत ते उपयोगी ठरलं किंवा ठरलं नाही, आणि आता त्यामुळे पुढच्या पेशंटच्या उपचारात हे बदललं. एथिक्स कमिटीने ट्रायलला मंजुरी देतानाच हे पत्र कोण लिहिणार, कधी पाठवणार असं विचारावं, त्याचा खर्च बजेटमध्ये मागावा.