तुम्ही विचारलंत म्हणून: घ्यायचं नाही तर भांडता कशाला?

"जे घड्याळ तुमच्यापैकी कुणीच घेणार नाहीये त्यावर दोन दोन तास भांडता कशाला?" बायकोपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय, तर एकदाच सांगतो.

आमचा पाच जणांचा कंपू. रविवारी सकाळी जुन्या बाजारात चक्कर मारायची, नव्याने रंग फासलेली एचएमटीची डायलं बघून नाकं मुरडायची (एचएमटीचं साधं चावीचं मॉडेल 'जनता', ती पोपटी रंगात बघितली की माझं डोकंच फिरतं) आणि मग अमृततुल्यात बसायचं. मनगटावर एचएमटी, सेको, टायटन, आणि एकाकडे सासऱ्यांनी दिलेलं ओमेगा, जे तो दर पाच मिनिटांनी बाही वर करून दाखवतो.

भांडणाचं ते घड्याळ म्हणजे हे: 2022 मध्ये जिनिव्हाच्या रेजेप रेजेपी ह्या घड्याळजीच्या क्रोनोमेत्र काँतेंपोरें ह्या घड्याळाचं दुसरं व्हर्जन आलं. हा माणूस कोसोवोत जन्मलेला, पोरवयात पाटेक फिलिप ह्या नामांकित स्विस घड्याळ कंपनीत शिकला आणि 2012 मध्ये स्वतःचं दुकान थाटलं. घड्याळ 38 मिलिमीटरचं, किंमत तेव्हा लाखभर स्विस फ्रँकच्या वर, म्हणजे आपल्याकडे कोटीच्या घरात. पहिला अर्धा तास अर्थातच किमतीवर गेला, कोथरूडात वन बीएचके येईल वगैरे. मग द्राक्षं आंबट. एक म्हणाला लहान आहे, बायकी दिसेल, ओमेगावाला म्हणाला डायल फारच साधी, तिसरा म्हणाला हे कुणी घालणार नाही, सरळ लिलावात जाईल. हे मात्र अगदीच खोटं नाही, फिलिप दुफूर ह्या स्विस घड्याळजीच्या 2000 साली आलेल्या सिंप्लिसिटी घड्याळाच्या विसाव्या वर्षानिमित्त केलेला एक पीस 2020 च्या लिलावात दहा लाख फ्रँकच्या वर गेला होता.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "अरे, हा सेकंदकाटा तर बॅटरीवाल्यासारखा चालतोय!"

इथून खरी मजा. माझ्या वडिलांच्या जनताचा सेकंदकाटा सेकंदाला पाच बारीक उड्या मारतो म्हणून सरकल्यासारखा दिसतो, चावीचं घड्याळ ओळखायची आमची खूणच ती. आणि ह्या पठ्ठ्याने दोन स्प्रिंगा घातल्यात, एक वेळेसाठी आणि एक फक्त सेकंदकाट्यासाठी, का तर काटा सेकंदाला एकदाच, टक्क, उडी मारेल! भिंतीवरचं दोनशे रुपयाचं घड्याळ जे फुकटात करतं ते करायला एवढा खटाटोप. निम्म्या कंपूला हा शुद्ध वेडेपणा वाटला, मला मात्र ह्याच्यासाठीच ते घड्याळ आवडलं, आणि चहाचे तीन राऊंड त्यावरच झाले.

तर उत्तर हे की पंधरा हजाराचं घड्याळ असलं की आम्ही डिस्काउंट, ईएमआय, पुढच्या सेलला किती उतरेल हेच बोलतो, घड्याळ कुणी बघतच नाही. कोटीचं असलं की घ्यायचा प्रश्नच मिटतो आणि मग आम्ही मशीन बघायला लागतो.

त्या रेजेपीच्या घड्याळाचे फोटो मी रविवार पेठेतल्या आमच्या घड्याळवाल्या काकांनाही दाखवले, जनता गेली तीस वर्षं त्यांच्याकडेच सर्व्हिसला जाते. मी सांगत होतो की घड्याळाच्या आतल्या पट्टीच्या कडेची ही तिरकी चमक बघा, दोन चमका आतल्या कोपऱ्यात टोकदार मिळतात ना, तिथे मशीनचं गोल फिरणारं कटर गेलं की कोपरा गोलच राहतो, त्यामुळे ते हाताने कानशीनेच घासावं लागतं. काका हूं हूं करत होते. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून म्हणाले, "ते ठीक आहे. उद्या ह्याला काही झालं तर हे उघडणार कोण?"

मी म्हटलं, "तोच."

"मग त्याच्या पोराला शिकवतोय का बघ," म्हणाले आणि फोन परत द्यायच्या ऐवजी दोन बोटांनी तो कोपरा अजून मोठा करून बघायला लागले.