सहा-चार-तीन

आमच्या सरांच्या लक्षात मुलींची नावं राहत नाहीत, असा एक समज कॉलेजात होता. तो साफ खोटा. नावं तर त्यांना पाठ होतीच, शिवाय कुणाचा खांदा कधी दुखावला होता आणि कुणाचा चष्म्याचा नंबर वाढलाय, हेही ठाऊक असायचं. पण मैदानावर हाक मारायची ती आकड्याने. सॉफ्टबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो: चेंडू टाकणारी पिचर १, बॅटरच्या मागे तो पकडणारी कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली शॉर्टस्टॉप ६ आणि मागच्या तिघी डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. मी कॅचर. त्यामुळे पदवी घेऊन इतका काळ लोटला तरी सरांच्या फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे, "काय गं दोन नंबर, बरी आहेस ना?" (शेजारी बसलेल्यांना ते ऐकून काय वाटत असेल, ते जाऊ द्या.)

सरांच्या कारकिर्दीविषयी लिहा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला. कोणत्या वर्षी कोणता करंडक आला, ते जिमखान्याच्या फलकावर रंगवलेलं आहे. ते पुन्हा उतरवून काढण्यात मला रस नाही. मला सांगायचंय ते त्यांच्या वह्यांबद्दल.

सामना चालू असताना स्कोअर लिहायचं काम राखीव मुलींपैकी एकीकडे असे, कारण आमची बॅटिंग आली की सर तिसऱ्या बेसपाशी कोचच्या चौकटीत उभे. ही कामगिरी शिक्षा वाटायची, पण खेळ खरा कळायचा तो तिथेच. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघी बाद झाल्या, की चौकोनात एवढंच लिहायचं: ६-४-३. स्ट्राइकआउटला, म्हणजे टप्प्यातले चेंडू हुकून किंवा सोडून तीन स्ट्राइक झाले आणि बॅटर बाद झाली की, इंग्रजी 'के', आणि बॅटरने तिसरा स्ट्राइक नुसता बघत सोडला असेल तर तोच 'के' उलटा. उलट्या 'के'वर सरांचा विशेष राग. बॅट फिरवून बाद झालेलीला ते कधी बोलले नाहीत, पण उलटा 'के' मिळवणारीला दुसऱ्या दिवशी फलंदाजीचा सराव बंद आणि पिचरसमोर बॅट खांद्यावर ठेवून उभं राहणं सुरू. प्रत्येक चेंडू कुठून गेला ते मोठ्याने सांगायचं, मारायचं नाही.

रात्री ती वही सरांकडे जायची आणि सकाळी परत यायची तेव्हा समासात लाल ठिपके पडलेले असायचे. हे ठिपके कुठल्याही नियमपुस्तकात नाहीत. ते सरांचे स्वतःचे.

ठिपका कशाचा? माझंच उदाहरण देते. बेसवर कुणी नसताना जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे चेंडू गेला, की कॅचरने मास्क फेकून, छातीचं आणि पायांचं गार्ड अंगावर असताना, धावणाऱ्या बॅटरच्या जोडीने पळत पहिल्या बेसच्या मागे जाऊन उभं राहायचं. थ्रो चुकला तर चेंडू अडवायला. बहुतेक वेळा थ्रो नीट येतो, बॅटर बाद होते, टाळ्या शॉर्टस्टॉपला मिळतात आणि कॅचर धापा टाकत, मास्क शोधत होम प्लेटकडे, म्हणजे बॅटरच्या जागेकडे, परत येते. स्कोअरबुकात ६-३. त्यात दोनचा कुठेही पत्ता नाही. सर मात्र रात्री आठवून आठवून तिथे ठिपका द्यायचे. तसाच उजव्या फील्डरला, ती पहिल्या बेसमागे आली असेल तर. पिचरलाही, होम प्लेटकडे येणाऱ्या थ्रोसाठी कॅचरच्या मागे धावली असेल तर.

एकदा त्यांनी माझ्यापुढे वही धरली. "चौथ्या इनिंगपासून तुझे ठिपके थांबलेत. दमलीस की कंटाळलीस?" काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण दमणं आणि कंटाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवर इलाज सोपा आहे, हे त्या दिवशी मला कुणीतरी प्रथमच सांगत होतं.

विद्यापीठ संघाच्या निवडीला सर या वह्या काखेत मारून जायचे. तिथे हिट किती, रन किती, एवढंच विचारत. सर ठिपके दाखवत. निवड समितीतले लोक हसत, कधी वैतागत. दर वर्षी ठिपकेवाली मुलगी संघात गेली असं मुळीच नाही, बहुतेकदा गेली नाहीच. पण सरांनी वही नेणं सोडलं नाही.

कॉलेजच्या कोचची एक अडचण बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. क्लबचा खेळाडू दहा-दहा वर्षं हाताखाली राहतो. कॉलेजात मुलगी येते तेव्हा तिला चेंडू धड फेकता येत नाही, तिसऱ्या वर्षी कुठे ती तयार होते, आणि निकाल लागला की जाते. पुन्हा नवी मुलगी, पुन्हा मनगटापासून सुरुवात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या कॅरोल हचिन्स १९८५ ते २०२२ एकाच संघाच्या मुख्य कोच होत्या आणि १७०७ विजय नावावर घेऊन थांबल्या. ॲरिझोनाचे माइक कँड्रिया १९८६ ते २०२१, आठ राष्ट्रीय विजेतेपदं, शिवाय २००४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकी संघाचे कोच. तिकडे या खेळाला स्टेडियम आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. आमच्या सरांकडे एक मैदान होतं, तेही मुलांच्या संघाला नको असेल त्या वेळी. पण तीन-चार वर्षांनी सगळं मोडून पहिल्यापासून मांडायचं, हे तिघांच्याही वाट्याला सारखंच आलं.

हचिन्सबाईंचं नाव सर घेत ते विजयांसाठी नव्हे. त्या स्वतः शिकत होत्या तेव्हा मुलींच्या बास्केटबॉल संघाला मुलांच्या बरोबरीच्या सोयी मिळाव्यात म्हणून त्यांनी आणि सहकारी खेळाडूंनी आपल्याच विद्यापीठाला कोर्टात खेचलं होतं. शिक्षणसंस्थांत मुलगे-मुली असा भेद करायला बंदी घालणारा तिथला कायदा १९७२ चा, पण कायदा झाला म्हणून मैदान आपोआप मिळत नाही, असं सर म्हणायचे. मग मैदानाच्या वेळेसाठीचा अर्ज आमच्याकडून लिहून घ्यायचे. सही कॅप्टनची, मसुदा त्यांचा.

आता त्यांच्या शिकवण्याविषयी. पहिले काही आठवडे बॅट कपाटातच. फक्त पकडायचं आणि फेकायचं. मला तर डोळे मिटून चेंडूची शिवण बोटांनी शोधायला लावत. चेंडू ग्लोव्हमध्ये, ग्लोव्ह कानाजवळ आणायचा, आणि हात बाहेर येईपर्यंत बोटं शिवणीवर आडवी बसलेली हवीत. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, म्हणजे होम प्लेटपासून दुसरा बेस कर्णावर जवळजवळ ८५ फूट. पहिल्या बेसवरची दुसरा बेस चोरायला पळाली, की कॅचरने तिथवर थ्रो करून तिला बाद करायचं. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावणारीला बेस सोडता येत नाही. एकदा सुटला की सगळं तीन सेकंदांत आटपतं. नवशिकी कॅचर ही वेळ हाताने भरून काढायला बघते, जोर लावते आणि चेंडू सेंटर फील्डला जातो. सर म्हणत, "वेळ खांद्यात नाही, पायात आहे." चेंडू ग्लोव्हमध्ये शिरत असतानाच उजवा पाय आडवा पडायला हवा. ग्लोव्हमध्ये चेंडू आपटल्याचा आवाज आणि पाय टेकल्याचा आवाज एकच आला पाहिजे. ते पाठ करून उभे राहत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "दोन आवाज आले. पुन्हा."

त्यांच्या डोळ्यांदेखत खेळही बदलत गेला. बायकांच्या सामन्यात पिचर ४० फुटांवरून टाकायची, ते अंतर पुढे ४३ फूट झालं. त्या वर्षी सरांनी स्वतः टेप धरून, खुंटी ठोकून, नवी फक्की मारली. तीन फूट म्हणजे काय मोठंसं, असं आम्हाला वाटायचं. त्यांनी हिशेब मांडून दाखवला: ताशी १०० किलोमीटरने सुटलेला चेंडू ४३ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. त्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. म्हणजे तीन फुटांनी जे मिळतं ते ठरवण्यासाठी मिळतं. पांढरा चेंडू जाऊन पिवळा आला. पहिल्या बेसला शेजारी नारिंगी जोडबेस आला, धावणारी आणि पहिल्या बेसची खेळाडू एकमेकींवर आदळू नयेत म्हणून. तो सरांना आवडला. बरोबरी सुटली नाही की आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयती धावपटू उभी करायची, हा नियम मात्र त्यांना अजून पटलेला नाही. "न कमावलेला बेस" असं तोंड वाकडं करून म्हणतात.

आणि बंट! म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात टाकायचा, बेसवरची पुढे सरकावी म्हणून. सरांचं बंटवरचं प्रेम हा आमच्या पिढ्यांचा सामायिक वैतागाचा विषय. बेसवर एक जण पोहोचली रे पोहोचली, की तिसऱ्या बेसकडून बंटची खूण. बॅटा हलक्या आणि जोरदार झाल्या, मुली कुंपणाबाहेर मारू लागल्या, तरी खूण बंटचीच. माझ्या मते या हट्टापायी काही सामने हातचे गेले. हे त्यांच्या तोंडावर सांगून झालंय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. पुढच्या एका तुकडीने त्यांच्याच वह्यांतून बंटनंतर रन किती आले याची मोजदाद करून त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी दोन दिवस ती वाचली आणि मग बंट निम्म्यावर आणला. स्वतःच्या वहीशी मात्र भांडले नाहीत.

सराव होऊ शकला नाही की सर गोष्टी सांगत. १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात बसलेल्या तरुणांनी गुंडाळून बांधलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह चेंडू म्हणून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून घेऊन बंद खोलीतच हा खेळ सुरू केला, ही त्यातली पहिली. १९९६ मध्ये अटलांटाला सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हाची त्यांची बडबड थांबता थांबत नव्हती म्हणे. २००५ मध्ये तो २०१२ पासून वगळायचं ठरलं, तेव्हा ते तितकेच गप्प झाले. पण त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट २००८ ची, बीजिंगची. जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण नेलं. आम्ही ४१३ या आकड्याने थक्क. सर म्हणाले, "आणि ते ४१३ पकडले कुणी, ते विचारा की." मग माझ्याकडे बघून पुढच्या गोष्टीकडे वळले. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच समोर आणि पुन्हा जपानच जिंकलं. त्या संध्याकाळी जुन्या खेळाडूंपैकी किती जणींना सरांचा फोन गेला असेल, त्याची गणती नाही. २०२८ ला खेळ परत येतोय, त्याची तयारीही त्यांनी आतापासून चालवली आहे, म्हणजे बघण्याची.

आता कोच त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी आहे, एक ६ नंबर. ती बंट फार कमी लावते. सर जाळीमागे बसून नाराजी व्यक्त करतात आणि रात्री ठिपके देतात.

समितीला एक विनंती. या वह्या सरांच्या घरी एका ट्रंकेत आहेत आणि जुन्या पानांवरची शाई उडत चालली आहे. महोत्सवाच्या निधीतून त्या स्कॅन करून ग्रंथालयात ठेवता आल्या तर बरं. माजी खेळाडूंनाही सांगणं आहे, की त्यातली एक वही गहाळ आहे, कुणीतरी वाचायला म्हणून नेली ती परत आलेली नाही. सरांचा संशय एका ५ नंबरवर आहे. कुठल्या वर्षीच्या, ते काही सांगत नाहीत.