कुलूप लावलं, आणि फोटो आतच राहिला

शुक्रवार, रात्री दहा

लाईन आत्ता आली. पाऊस थांबलाय, पण नाल्याचा आवाज अजून घरात ऐकू येतो. आजचं आजच लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत मी स्वतःची समजूत घातलेली असेन.

पाचव्या तासाला आठवीवर होते. दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, पोटऱ्यांपर्यंत काळी माती. पराटीचं निंदण सोडून आली होती, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. मी व्हरांड्यात गेले तर आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, पोट्टी शाळेत जात नाई म्हणते. तुमच्या त्या कम्प्युटरात तिचा फोटो हाये म्हणते. तो काढून टाका ना जी."

एवढंच. कोणी केलं, त्याला काय शिक्षा केली, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फोटो अजून तिथंच आहे. मंगळवारी प्रकार उघडकीला आला. त्यानंतर बैठक झाली, पोरांची झडती झाली, आठवीचा अख्खा वर्ग एक तास उभा राहिला, खोलीला कुलूप लागलं. फोटो काढून टाकायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. सगळ्यांत आधी मला सुचायला हवं होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

तिला घेऊन गेले. दाराशी तिनं चपला काढल्या, मग पायाकडे बघितलं आणि आत येईना. मी म्हटलं, "या हो, माती पुसता येते." चार नंबरची मशीन सुरू केली. ती सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेते. तेवढा वेळ आम्ही दोघी काळ्या पडद्याकडे बघत उभ्या होतो. मग तो आला, पूर्ण पडदाभर. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमातला तिचा फोटो, त्यावर पेंटमधल्या ब्रशनं लाल अक्षरांत लिहिलेलं. काय लिहिलं होतं ते मी इथंही लिहिणार नाही. एक शब्द तिच्या रंगावर होता आणि खाली एका पोराचं नाव होतं. आमच्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या नावापुढं पोराचं नाव लागलं की काय होतं, ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. शाळा सुटते, आणि मग स्थळं बघायला लागतात.

आईला वाचता येत नाही. "काय लिवलं हाये?" म्हणाली. मी गप्प राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "राहू द्या. नका सांगू."

मी वॉलपेपर बदलला, फाईल काढली, रिसायकल बिन रिकामा केला, पेंटच्या यादीत आणखी प्रत आहे का ते बघितलं. एक निघाली, तीही काढली. मग मूळ फोटोंचं फोल्डर उघडलं. हिरवं नऊवारी, कमरेवर हात, केसात गजरा. तिच्या आईनं तो नाच पाहिलाच नव्हता. तुरीची सोंगणी चालू होती त्या दिवसांत. पडद्याजवळ वाकून तिनं पुष्कळ वेळ बघितलं. "हा चांगला हाये. हा भेटते का मले?"

प्रिंटरची शाई कधीच वाळली आहे. म्हटलं, घाटंजीहून काढून आणते.

शनिवार

सकाळची शाळा. रात्री झोप नीट लागली नाही, त्यामुळे मंगळवारचं सगळं डोक्यात पुन्हा लावून बघितलं.

आमच्याकडे दहा मशिनी आल्या होत्या, सहा चालतात. सगळ्यांवर एकच 'स्टुडंट' नावाचं खातं, पासवर्ड नाही. पोरं त्याच खात्यात, मीही त्याच खात्यात. पेन ड्राइव्ह भरला म्हणून कार्यक्रमाचे फोटो मीच चार नंबरच्या डेस्कटॉपवर ठेवले होते. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत ते तिथंच पडून होते, कुणीही उघडावेत असे. मंगळवारी मधल्या सुट्टीत बटणं बंद करायला एका पोराजवळ किल्ली दिली. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये वेळ दिसते, दुपारी एक बावन्न. कोण कोणत्या मशीनवर बसतं त्याची वही आहे, पण त्यातली शेवटची नोंद जुलैची. सुरुवातीचे आठ दिवस उत्साहानं लिहिली, मग राहून गेली. वही भरलेली असती तर बेचाळीस पोरांना उभं करावं लागलं नसतं.

मी उभं केलं होतं. "कोणी केलं?" असं तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. कोणी बोललं नाही. का बोलेल?

स्टाफरूममधली चर्चा आठवते. एक सर म्हणाले, दोन ठेवून दिल्या की नावं बाहेर येतात. दुसरे म्हणाले, दाखला हातात द्या. तिसरे म्हणाले, सायबर पोलिसांत देऊ, ६६-अ लावू. मला त्यांचा राग येत नाही. तेही घाबरलेले होते, उद्या गावातून कोणी येऊन विचारलं तर काय सांगायचं या काळजीत होते. पण शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलंय, आणि कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ऑनलाईन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा सांगणारं आयटी कायद्यातलं कलम ६६-अ तर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. इतकी वर्षं झाली, तरी शाळाशाळांतून पोरांना अजून त्याचीच भीती घालतात. हे मी बैठकीत बोलायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "पोळ्यापर्यंत खोली बंद," आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं.

आज दुसऱ्या तासानंतर तिच्या मैत्रिणीला बाजूला घेऊन विचारलं, ती कधीपासून येत नाही. मैत्रीण म्हणाली, "बुधवारी आली होती मॅडम. पोट्टे म्हणत होते, तुह्यामुळं कम्प्युटर बंद झालं. पोट्ट्या बी म्हणत होत्या. म्हणून गुरुवारपासून नाई आली."

म्हणजे फोटो सगळ्यांनी पाहिल्यावरही ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली होती. केवढं धाडस लागलं असेल त्याला. आणि आम्ही लावलेल्या कुलपानं तिला घरी बसवलं. खोडी काढणारे मजेत वर्गात बसून होते, त्यांचा फक्त एक तास गेला. बेचाळीस जणांचा राग जिच्या वाट्याला आला, ती एकटी मुलगी.

सुट्टी व्हायच्या आधी वर्गात गेले. या वेळी कोणी केलं हे विचारलं नाही. म्हटलं, "फोटो मी काढून टाकलाय. मला एकच गोष्ट हवी आहे. तो कुणाच्या मोबाईलमध्ये गेलाय का? गेला असेल तर तिथूनही काढायचाय. जो सांगेल त्याला मी मारणार नाही, वर्गासमोर उभं करणार नाही. मी स्टाफरूममध्ये बसलेली आहे."

शाळा सुटली. साडेअकरा झाले, बारा वाजत आले. शिपाईभाऊ झाडू मारून गेले. मग दारात एक पोरगा आला. बुटका, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, प्रमेयाच्या पायऱ्या नेहमी नीट लिहिणारा. भिंतीकडे बघून म्हणाला, "दादाच्या मोबाईलमधी हाये मॅडम. म्याच फोटो काढला होता स्क्रीनचा." सोबत कोण होतं हेही त्यानं सांगितलं. मी ते नाव इथं लिहीत नाही. मग त्याला रडू आलं, आणि मला काय करावं ते कळेना, म्हणून माठातलं पाणी दिलं.

त्याच्याबरोबर चालत त्याच्या घरी गेले. भाऊ ढोरं बांधत होता. सरळ पोरगा आहे, लगेच मोबाईल समोर धरला. गॅलरीतून काढला. मी म्हटलं, आता कचरापेटी उघड. गुगल फोटोजमध्ये काढलेला फोटो लगेच जात नाही, बॅकअप घेतलेला असेल तर ६० दिवस तिथं पडून राहतो. होताच. तिथूनही काढला. व्हॉट्सॲपवर त्यानं एकाला पाठवला होता, त्याच्याही घरी गेलो. तिथून पुढं गेला नसावा, असं दोघंही म्हणतात. शपथ घालून विचारलं. खात्री कोण देणार?

त्यांच्या वडिलांना मी सांगितलं नाही. चूक केली की बरोबर, अजून ठरत नाही. सांगितलं असतं तर पोरावर पट्टा उतरला असता, हे नक्की. सोमवारी दोन्ही घरच्यांना शाळेत बोलावून, मुख्याध्यापकांसमोर, बसून सांगायचं असं ठरवलंय.

रविवार

घाटंजीला बाजाराला गेले. फोटोच्या दोन प्रती काढल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, "भारी फोटो आहे." मला बरं वाटलं.

परत येताना बसमध्ये खोलीतल्या पाटीचा विचार करत होते. अकरा नियम आहेत, मीच रंगवून घेतलेत. चप्पल बाहेर काढावी. परवानगीशिवाय मशीनला हात लावू नये. पेन ड्राइव्ह आणू नये. हा नियम व्हायरसच्या दिवसांतला, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे आणि परीक्षेचे पेपर गेले म्हणून आम्ही डोकं धरून बसायचो, पण ते आतच लपलेले असायचे. गेम खेळू नये. वॉलपेपर बदलू नये. कीबोर्डवर पाणी सांडू नये. अकराच्या अकरा नियम मशीनला जपणारे आहेत. शेजारी बसलेल्या मुलीला, मुलाला जपणारा एकही नाही. आणि म्हणूनच मंगळवारी आमची पहिली तक्रार काय होती, तर वॉलपेपर बदलला! दहा क्रमांकाचा नियम मोडला!

गेम खेळणारा पोरगा आणि हे करणारा पोरगा यांना आपण एकाच तराजूत घालतो. मागच्या वर्षी दोघं जण नेट नसताना क्रोममधला तो उड्या मारणारा डायनोसोर खेळत होते, त्यांनाही महिनाभर खोलीबाहेर ठेवलं होतं मी. त्या महिन्यात ती दोघं काहीच शिकली नाहीत. त्यांच्या घरी कम्प्युटर नाही, गावात कुणाकडे नाही. शाळेतल्या चाळीस मिनिटांतच त्यांचा हात माऊसवर बसतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली होती, नई तालीम तिथं मांडली गेली. हातानं काम करत शिकायचं, हे बी.एड.ला आम्ही पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. आणि हातात द्यायची एवढी एक वस्तू आमच्याकडे आली, तर तिला लाल कापडाची झाकणं शिवली आणि दाराला कुलूप घातलं.

मंगळवार

काल दोन्ही घरचे आले. दीड तास बसलो. एका वडिलांनी तिथंच हात उगारला, मुख्याध्यापकांनी धरला. ते म्हणाले, "इथं नाही." मला त्यांचं ते वाक्य फार आवडलं. मी मनात म्हटलं, घरीही नाही, आणि मग तेच मोठ्यानंही बोलले. दोन्ही पोरं संध्याकाळी आईवडिलांसोबत मुलीच्या घरी गेली. मीही गेले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि तिनं बघावं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिच्या शेजारीच बसले होते. तिची आई म्हणाली, "झालं ते झालं जी, पण तिले आता कोणी काई म्हणू नका." मी म्हटलं, हाव.

आज कुलूप काढलं. मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की चूक खोली उघडी राहण्यात नव्हती, किल्ली पोराजवळ देण्यात होती, आणि ती माझी होती. ते ऐकून घेतात, हे माझं नशीब. वर्गाला मी स्वतः सांगितलं, की खोली शिक्षकांनी बंद केली होती, तिच्यामुळं नाही. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर मागून एक मुलगी म्हणाली, "मग आम्ही तिले उगाच बोललो ना मॅडम." मी काही बोलले नाही.

दोन दिवस शाळा सुटल्यावर बसून प्रत्येक वर्गाचं वेगळं खातं केलं. ॲडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याजवळ आणि मुख्याध्यापकांजवळ. वॉलपेपर बदलता येणार नाही अशी सोय होती, तीही केली, पण तिच्यावर माझी भिस्त नाही. फोटो सगळे ऑफिसच्या मशीनवर हलवले. वही पुन्हा सुरू केली, आजची पहिली नोंद मी माझ्याच नावानं केली.

ती आज शाळेत आली. गणितात फळ्यावर एक उदाहरणही सोडवलं. सातव्या तासाला वर्ग खोलीत गेला तेव्हा दाराबाहेरच्या चपलांत तिची निळ्या पट्ट्याची चप्पल मी शोधत होते. नव्हती. तास संपता संपता ती दाराशी आली, पाय उंबऱ्याबाहेरच. "मॅडम, फोटो कुठं ठेवले आता?"

मी तिला ऑफिसमध्ये नेलं, फोल्डर दाखवलं, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नाही हे तिलाच करून बघायला लावलं. तिनं तीन वेळा चुकीचा टाकून बघितला. मग पर्समधला लिफाफा दिला. तिनं फोटो अर्धाच बाहेर काढून बघितला, परत आत सरकवला, आणि लिफाफा गणिताच्या पुस्तकात ठेवून वर्गाकडे गेली.